नीलमचं प्रगतिपुस्तक

घटस्फोटानंतर नीलम आईसोबत दौंडला गेली आणि शिक्रापूरच्या कारखान्यात कामाला असलेल्या ज्ञानूला लेकीच्या शाळेतून काहीच कळेनासं झालं. ‘ताबा आईकडे आहे,’ एवढंच उत्तर मिळे. शेवटी त्यानं कोर्टाचा हुकूमच आणला. मुख्याध्यापिकेनं तो वाचला, नीलमला बोलावलं आणि प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं. ज्ञानूचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. “मॅडम, पप्पांना नका ना दाखवू,” नीलम दारातूनच म्हणाली. ज्ञानूला वाटलं, आईनं शिकवलं असेल का? “का गं, बाळा?” त्यानं विचारलं. “नापास झालेय मी. पास झाल्यावर दाखवते.” ज्याच्यासाठी वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ते ज्ञानूनं न उघडताच मॅडमकडे सरकवलं. “गणितात ना?” नीलमनं मान डोलावली. “मलाबी कधी जमलं न्हाई,” तो म्हणाला. नीलम आत आली आणि त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.