माप उभ्याचं

साल एकोणीसशे अडुसष्ट. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेला एकच दुपार उरली होती आणि धाकटीला अजून हाताचा अंगठा आतल्या अंगाला की बाहेरच्या, ते कळत नव्हतं.

पहिल्या खेपेला ती तिथेच आपटली होती. मेट्रनबाईंनी विचारलं, "अंगठा करंगळीच्या कुठल्या बाजूला?" धाकटीने टेबलावर पालथ्या ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अंगठे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. "मीडियल," ती म्हणाली, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडे. मग हात वर टांगलेल्या रोग्याचं चित्र पुढे आलं. मनगट कोपराच्या कुठे? "वर," ती म्हणाली. मेट्रनबाईंनी वही मिटली. उद्या पुन्हा चुकली तर हॉस्टेलची खोली रिकामी करायची आणि घरी येऊन जन्मभर काजं करत बसायचं.

आईच्या शिवणाच्या खोलीत ती खिडकीपाशी बसून घोकत होती. "प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं. डिस्टल म्हणजे धडापासून लांबचं. मीडियल मधलं, लॅटरल कडेचं. प्रॉक्सिमल म्हणजे..."

"अगं, पोपटसुद्धा मधे पाणी पितो," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, अंगात कच्च्या टाक्यांचा नवा कोट. आई तोंडात टाचण्या धरून त्यांच्या भोवती फिरत होती.

थोड्या वेळाने पोस्टमास्तरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. "बसूनच घे बाई काय ते माप. पाय मोडले माझे."

आईने टाचण्या तोंडातून काढल्या. "बसून घेतलेलं माप कुणाच्या अंगाला येतं? उठा. सरळ उभ्या राहा. हात खाली सोडा. तळवे पुढे."

"आता तळवे कशाला पुढे?"

"हात वळला की बाही पिळते. माझ्याकडे मापाला उभं राहायची एकच तऱ्हा. मग कोट घालून तुम्ही लोळा, नाहीतर हात वर करून नाचा. खांद्याचा मुंढा तो मुंढा आणि मनगटाकडचं बाहीचं तोंड ते तोंड. तुम्ही हात वर केलात म्हणून काय मी बाहीच्या तोंडाला खांदा म्हणू?"

धाकटीचं घोकणं थांबलं.

तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे एक माणूस उभा होता, हात खाली, तळवे समोर. वर्षभर तिला वाटत आलं होतं की हा बापडा आपल्याजवळ काही नाही असं सांगतोय. तिने चित्राकडे पाहिलं, मग पोस्टमास्तरीणबाईंकडे. दोघं हुबेहूब सारखे उभे होते.

"हलू नका काकू!" ती एवढ्या जोराने ओरडली की आईच्या हातातली टाचणी पडली.

"काय झालं? झुरळ?"

"अंगठा बाहेर आहे! बघ आई, अंगठा बाहेरच्या कडेला! लॅटरल! आणि करंगळी मांडीला टेकलीय, ती मीडियल!" टेबलावरचा खडू उचलून ती कोटाच्या बाहीवर खुणा करत सुटली. "काकू, आता हात वर करा."

"तुझी आई खाली म्हणते, तू वर म्हणतेस. माझं काय बाहुलं केलंत का गं दोघींनी?"

"करा ना हो!"

हात वर गेला. धाकटी त्यांच्याभोवती फेरी मारून आली. "मनगट वर गेलं, तरी धडापासून लांबचं ते लांबचंच. डिस्टल! कोपर जवळचं, प्रॉक्सिमल! काकू, पुस्तकाच्या लेखी तुम्ही झोपलात तरी उभ्याच. उलटं टांगलं तरी उभ्याच!"

"ऐकलंस का, मला उलटी टांगतेय ही!"

"एवढ्यासाठी वर्षभर रडत होतीस?" आई म्हणाली. मग कोटावरच्या खुणा पाहून तिने ओठ आवळले, पण खडू काही काढून घेतला नाही. "लिही. झटकला की जातो."

"आई, बटणं कुठे?"

"पुढे."

"अँटीरिअर! आणि पाठीवरची शिवण?"

आईने दोन टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या होत्या. वर्षभर कानावर पडलेला शब्द ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "पोस्टीरिअर."

पोस्टमास्तरीणबाई इतक्या हसल्या की उजव्या खांद्याचे टाके उसवले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, तशी धाकटी खुर्चीवरून उठली, हात खाली सोडून सरळ उभी राहिली आणि मगच बोलली. दुसऱ्यालाही तेच.

"बस की. उठतेस कशाला?"

"बसून माप चुकतं, मॅडम."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला आणि अकरा प्रश्नांवर थांबायचं ते एकोणीस विचारले. एकही चुकला नाही.

मेट्रनबाई पुढे चार वर्षांनी निवृत्त झाल्या. जाताना परीक्षेच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावून गेल्या. पोस्टमास्तरांची बदली झाली. बाईंनी नव्या गावात दुसरा शिंपी धरला आणि आईला पत्रात लिहिलं, "इथे मुकाट्याने शिवतात. करमत नाही." धाकटीने छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली वीस पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवण्यात. ज्या अडत, त्यांना ती आईकडे धाडायची. दरवर्षी तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी शिवणाच्या खोलीच्या दारात चपलांचा ढीग पडे.

आई गेली त्या वर्षीही चार मुली आल्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दाराला कुलूप पाहून त्या जरा घुटमळल्या. मग तिथेच पायरीखाली रांगेत सरळ उभ्या राहिल्या, तळवे पुढे केले आणि एकमेकींना विचारायला लागल्या.