मतदारांची जीप

सकाळी सातपासून कमरबी जालन्यातल्या घराच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ओल्या फडक्यात गुलाबाची फुलं होती. दर निवडणुकीला भोकरदनकडच्या तिच्या गावाहून, बाहेर राहणाऱ्या मतदारांना न्यायला जीप यायची. गावात शिरताना जीप कबरस्तानाच्या भिंतीशी पाच मिनिटं थांबायची. कमरबी जीपमध्ये बसूनच फातिहा म्हणायची आणि ड्रायव्हर तिची फुलं नवऱ्याच्या कबरीवर ठेवून यायचा. गुडघे गेल्यापासून एसटीत चढणं जमत नव्हतं. तेवढीच काय ती भेट. अकरा वाजले तरी जीप आली नाही, तेव्हा तिनं गावातल्या ऋषीला फोन लावला. "चाची, जीप तर जालन्याहून भरून कव्हाच आली," तो म्हणाला. "तुमचं नाव इकडच्या यादीत न्हाई. जालन्यालाच लागलंय म्हणं." तिनं हाक मारली तसा तिचा लेक फहीम हसतच बाहेर आला. "अम्मी, मीच फॉर्म भरून पत्ता बदलला. आता तुझं मतदान समोरच्या शाळेत. उगाच कशाला एवढ्या लांब हाल करून घ्यायचे?" "माझं नाव परत गावाला लाव." "असं न्हाई होत, अम्मी. माणूस राहतो तिथंच त्याचं नाव लागतं." कमरबीनं फडकं उघडलं. पाकळ्या कडेनं काळ्या पडायला लागल्या होत्या. "बराबर," ती म्हणाली. "मंग मला पुरशील कुठं?"