रुखमाची मूठ

वारलूने पात्याची तापलेली शेपटी धावड्याच्या मुठीत ठोकली. लाकूड चरचरलं, धूर निघाला आणि खुरपं तयार झालं. मग त्याने सवयीने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. भाजलं तरी त्याला कळत नसे. महारोगाने बरीचशी बोटं नेली होती, उरलेल्या हाताची जाणीवही नेली होती. रोग तेवढा गेला होता. तसं सांगूनच दवाखान्याने त्याला घरी पाठवलं होतं.

घरी म्हणजे सावली या तालुक्याच्या गावाजवळच्या खेड्यात, धाकट्या भावाकडे. खुशालने त्याला घराशेजारच्या वाडीत झोपडी बांधून दिली. बाजारचं खुरपं वारलूच्या हातात टिकेना, म्हणून त्याने आपली अवजारं आपणच केली. मोडक्या विळ्याचं पातं, जाडजूड मूठ आणि मनगटाला बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी. असल्या वेड्याविद्र्या अवजारांनी त्याने अशी वांगी काढली, की जाणारा-येणारा कुंपणाशी थबकायचा.

टोपली रोज घरात जायची. दुपारी खुशालची बायको रुखमा ताट घेऊन यायची, आणि ताटात वांग्याची भाजी असायचीच. ती तोंडावर पदर ओढून यायची, ताट लांब ठेवायची आणि झटकन मागे सरायची. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, असंच राहायचं असतं. वारलूला भरून यायचं. इतकी वर्षं तो नुसता रोगी होता. रुखमाने त्याला पुन्हा घरातला थोरला केलं होतं.

हे खुरपं तिच्यासाठी होतं. एकदा खुशाल सहज म्हणाला होता, "भाऊ, रुखमा म्हणे, तुमी खुरपे मस्त बनवता." वारलूला तेवढं पुरलं.

"तिच्यासाठी बी बनवतो. पण बाईच्या हाताचं माप मी कसं घेऊ? तिले सांग, ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबून दे."

गोळा आला. त्यावर पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. वारलू किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत बसला. मग त्याने मुठीला तशाच पाच खाचा कोरल्या. ट्यूबची पट्टी लावायची गरज नव्हती, याचाच त्याला केवढा आनंद झाला.

"तिले लय आवडलं," खुशालने येऊन सांगितलं.

पोळ्यानंतर नव्या वाफ्याला शेणखत हवं होतं. एरवी खुशाल आणून द्यायचा, पण तो सकाळीच सिंदेवाहीला गेला होता. वारलू स्वतःच टोपलं घेऊन घरामागच्या उकिरड्यावर गेला.

वरचा पालापाचोळा सारला आणि खाली वांगी निघाली. वरची टवटवीत, कालचीच. त्याखाली सुरकुतलेली, त्याखाली काळी पडून सडलेली. थरावर थर. एकही चिरलेलं नव्हतं. म्हणजे टोपलीतून त्याच्या एकट्यापुरती भाजी निघत होती, आणि बाकी सगळी इथे येत होती.

त्याने आणखी उकरलं. खुरपं निघालं. पात्याला मातीचा साधा ओरखडाही नव्हता. त्याने ते उचललं, पण पाच बोटांची मूठ त्याच्या हातात थांबेना. ते परत उकिरड्यात पडलं. त्याला संताप आला होता, आणि संतापाहून जास्त लाज वाटत होती.

दुपारी रुखमा ताट घेऊन आली. ताट ठेवून मागे सरली. वारलू तिच्याशी कधी थेट बोलत नसे. आज बोलला.

"बाई, कालची वांगी कशी झाली होती?"

"लय गोड, भाऊ," ती म्हणाली. "सगळ्यायनं बोटं चाटून खाल्ली."

वारलूने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कपाळ उघडं होतं, डोळे उघडे होते. पदर नाकावर दाबून धरलेला होता.