अकराच्या आत आवाज

"ताई, संगणक सुरू झाला म्हणतेस, मग बोलत का नाही?"

मुकुंदला, माझ्या धाकट्या भावाला, दिसत नाही. अकराला त्याची नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा होती आणि पावणेअकरा वाजून गेले होते.

संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली बंद पडली होती; ती मी सकाळीच बूटलोडर, म्हणजे तिला सुरू करून देणारा प्रोग्राम, दुरुस्त करून उठवली होती, व्हिडिओ पाहून शिकलेल्या बाईच्या ऐटीत. पडदा झगझगीत उजळला. पण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आवाजासाठी जोडावं लागणारं मॉड्यूल सापडत नव्हतं, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज नसला तर मुकुंदसाठी संगणक बंदच.

"काय लिहिलंय ते वाच. काही गाळू नकोस."

मी रडकुंडीला येऊन आकड्यांसकट वाचत गेले.

"थांब! चालू कर्नलची आवृत्ती एक्क्याण्णव आणि मॉड्यूल्सचं फोल्डर चौऱ्याण्णवचं? ताई, जुनंच कर्नल सुरू केलंस तू. त्याची मॉड्यूल्स तूच परवा डिस्कवर जागा करायला पुसलीस ना?"

पुसली होती. ओटा पुसावा तशी.

संगणक पुन्हा सुरू करून सुरुवातीच्या यादीतून नवं कर्नल निवडलं. दोन मिनिटं उरली असताना संगणक बोलला. मुकुंदनं घाईघाईनं हेडफोन चढवले.

"आता बाहेर जा. परीक्षा माझी आहे."

हाकलून दिल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.