वस्तीचा कोट

कोट अंगावर चढवून चिमी आरशासमोर उभी राहिली आणि लगेच बटणं काढायला लागली.

"राहू दे काका. मी उद्या मुलाखतीला जातच नाही."

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. पोरीचा स्वभाव त्याला काही नवा नव्हता. शाळेच्या पहिल्या गणवेशापासून तो तिचं माप घेत आला होता. तेव्हाही ही अशीच, आधी हट्टाने स्टुलावर चढायची आणि मग "मला नको" म्हणून भोकाड पसरायची. तेव्हा हातात गोळी ठेवली की भागायचं. आता पोर पदवीधर झाली होती.

"का गं? बाही लांब होते?"

"बाही बरोबर आहे. सगळंच बरोबर आहे." ती आरशाकडे बघेना. "आई म्हणते, फेलोशिप घेऊन गेलेली पाखरं परत येत नाहीत. आणि मला तर लिहून द्यायचंय की शिकून इथेच येईन, आपल्याच माणसांत काम करीन. उद्या विचारतील, कशावरून? काय सांगू?"

फेलोशिप म्हणजे काय, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोरगरिबांच्या हुशार मुलांना परदेशी मोठ्या विद्यापीठात शिकवायचं, त्यांच्यातून उद्याचे पुढारी घडवायचे. पुढारी म्हटल्यावर शिंपी पहिल्यांदा हसलाच होता. "आहेत ते काय कमी पडले?" म्हणाला होता. पण निवड झाली तर सगळा खर्च त्यांचा, आणि चिमीला शिकायचं होतं पाण्याबद्दल. वस्तीमागे रंगाचा कारखाना होता. तिथे लाल रंग निघाला की नाला लाल, निळा निघाला की निळा. तिचा धाकटा भाऊ त्याच पाण्यापायी गेला. ही संधी हुकली तर तिला त्याच कारखान्याच्या फाटकाशी, आईच्या शेजारी, कामाला उभं राहावं लागणार होतं.

आणि कोट म्हणाल तर वस्तीत कोणालाही विचारा. राखाडी, दोन बटणांचा. लंबू हाच घालून मुलाखतीला गेला आणि इंजिनियर झाला. डॉक्टरताई हाच घालून गेली, वकील हाच घालून गेला. कोपरं झिजलेली, कॉलर मऊ पडलेली. बायका दुकानात आल्या की उगाच त्याच्यावरून हात फिरवून जायच्या.

चिमीने झिजलेल्या कोपरावर बोट ठेवलं. "लंबूदादा ताडमाड. डॉक्टरताई ही एवढीशी. दोघांना एकच कोट बसला कसा?"

"शिंप्याला असले प्रश्न विचारू नयेत. उसवायचं आणि शिवायचं, आमचा जन्म त्यातच गेला."

ती हसली, तसं शिंप्याला बरं वाटलं. हसताना ती अगदी डॉक्टरताईसारखी दिसायची. डॉक्टरताईला हात वर कर म्हटलं की ती पुस्तकासकट वर करायची. लंबू माप देता देता शेंगदाणे खायचा आणि टरफलं मशीनखाली ढकलायचा. वकील तर खिशाच्या रुंदीवरून तासभर हुज्जत घालायचा, आणि शेवटी आधीचीच रुंदी मान्य करायचा. संध्याकाळ झाली की सगळी इथेच अभ्यासाला यायची. वस्तीत मोठा दिवा तेवढा शिंप्याकडे होता, आणि मशीनच्या खडखडाटात झोप म्हणून लागत नसे. काय दिवस होते ते! निघताना एकेक जण गळ्यात पडून रडला होता. आठवण आली की शिंपी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवायचा. मग तो मशीनला तेल घालत बसायचा.

"काका, खरं सांगा. कोणी परत आलं?"

शिंपी तिच्या खांद्यावरचा दोरा टिपत होता. "तुझ्या अंगावर काय आहे?"

"कोट."

"कोट घालूनच गेले ना ते? तिकडे थंडी म्हणून?"

"हो."

"मग आता तुझ्या अंगावर कसा आला?"

चिमीने बाही चाचपली. कोटाकडे बघत राहिली. "म्हणजे आणून दिला. दर वेळी."

"मी म्हातारा माणूस. मी काय कोट आणायला परदेशी जाणार होतो?"

"पण आईने तर कोणालाच बघितलं नाही."

"तुझी आई दिवसभर कारखान्यात. दुकानात कोण आलं-गेलं, तिला काय दिसणार?"

चिमीने एकेक बटण पुन्हा लावलं. पाठ ताठ केली. आरशाला मुलाखत घेणारे साहेब समजून ती सावकाश म्हणाली, "मी परत येईन, कारण माझ्या आधी गेलेले परत आले."

"हे असंच म्हण," शिंपी म्हणाला, आणि हातात खडू असताना खडू शोधायला पाठमोरा झाला.

"निवड झाली तर मीही हाच घालून जाईन. आणि शिकून आले की आधी तुमच्या हातात आणून देईन."

"दे की. खुंटी मोकळीच आहे."

ती हसत बाहेर पडली. नाल्यावरची फळी तिने दोन ढांगांत ओलांडली. भांडी घासणाऱ्या बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "बघा, कोट निघाला." शिंपी दारात उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होता.

मग त्याने दाराला कडी घातली. कपाटामागून राखाडी कापडाचा तागा काढला, टेबलावर अंथरला आणि नव्या कोटाची पाठ आखायला घेतली. विटेने कोपरं झिजवायची, कॉलर मऊ पडेस्तोवर धुवायची, म्हणजे वेळ लागणारच होता. आणि गेलेल्यांपैकी एकाचाही कोट आजवर परत आला नव्हता.