जवाचं पाणी

टिच्.

दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज झाला. बाटलीचं झाकण फरशीवरून गरगरत स्वयंपाकघरात आलं आणि चुलीपाशी कलंडलं. तीन वर्षांच्या शालूनं ते झटकन मुठीत धरलं, आईकडे पाहिलं, पण जवळ आली नाही. आठवडा झाला, ती आईजवळ, अनसूयाजवळ, येतच नव्हती.

सासूनं, धुरपताबाईंनी, कडुलिंबाचा पाला वाटून दिला होता आणि अनसूयानं तो आपल्याच हातानं छातीला लावला होता. शालू हौसेनं मांडीत शिरली, तोंड लावलं, आणि चेहरा वेडावाकडा करून तिनं आईकडे असं पाहिलं की अनसूयानंच नजर वळवली. "रडू नको, बाय," आजी नातीला म्हणाली होती, "काही सोडवायचं असलं की कडू लावावंच लागतं." शालूला ते कळलं. पान्ह्याला कळत नव्हतं. घट्ट बांधलेल्या फडक्यातूनही पदर ओला होत होता.

पण अनसूयानं मन घट्ट केलं होतं. लग्नाआधी तिनं डी.एड. केलं होतं; बंद आणि मोर्चांत परीक्षा पुढं पुढं गेली, तरी दिली होती. आता पाथरीच्या शाळेतल्या नोकरीचा हुकूम आला होता. त्यांच्या मानवतहून अर्ध्या तासाची एसटी. सासू म्हणाली होती, "आधी पोरीचं सोडव, मग बघू." त्या 'बघू'वर तर तिनं तो पाला लावला होता.

बाहेरच्या खोलीत तिचा धाकटा दीर अप्पाराव बाटली ओतत होता. अमेरिकेहून बऱ्याच वर्षांनी आला होता. बाटलीत होती तिकडची एल, बियरचाच एक प्रकार. ओल्या पोत्यात गुंडाळून ती रांजणाच्या बुडाशी गार केली होती. आईला त्यानं सांगितलं होतं, जवाचं पाणी. बियर जवाचीच बनते, म्हणजे खोटंही नव्हतं.

"मुतखड्याला लय चांगलं असतं म्हणं," धुरपताबाई सुपारी कातरत म्हणाल्या.

रंगनाथ, अनसूयाचा नवरा, पहिलाच घोट थुंकायला अंगणात पळाला. "आरं, काय हे! कडुलिंबाचा काढा पाजायलास का?"

"दादा, हे गटकायचं नसतं. आधी वास घ्यायचा. मोठ्या कारखान्यातलं न्हाई हे, चार दोस्त मिळून थोडं थोडं बनवतात. हॉप्स म्हणून एका वेलीची फुलं असतात, त्यांचा कडूपणा. तीच तर मजा हाय."

रंगनाथनं चुळा भरल्या. अप्पाराव उरलेला पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, दादाच्या जिभेला काय कळत न्हाई. तुमी सांगा, काय काय लागतं."

अनसूयानं बाहेर कानोसा घेतला. मग दाराआड होऊन आधी वास घेतला, मग एक लहान घोट. तो जिभेवर राहू दिला.

"मोसंबीची साल," ती म्हणाली. "सोलताना डोळ्यांत उडती ना, तशी. मग सुताराच्या रंध्याखाली ओल्या लाकडाचा वास येतो, तो. खाली भाजल्या धान्याचा जरासा गोडवा. आन् मग कडू. पर हे कडू बसून राहत न्हाई. जाताना तोंड धुऊन जातं."

अप्पाराव बघतच राहिला. "तिकडं लोक पैसे भरून शिकतात हे, वहिनी!"

अनसूया हसली. तिला काय वाटतं, हे कुणीतरी विचारलं होतं. किती दिवसांनी! तेवढ्यानं तिला धीर आला. "भावजी, पाथरीचं तेवढं काढा की. आत्याबाई धाकट्या लेकाचं ऐकतात. सोमवारी रुजू व्हायचंय."

"आत्ताच काढतो. पेला राहू द्या तुमच्याकडं."

ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"आई, वहिनीला नोकरी करू दे की. तिकडं सगळ्या बाया..."

"तिकडलं तिकडं!" सुपारीचं खांड कडकन तुटलं. "मंग पोरीचं सोडवलं कशाला मी? पाजणं तुटल्याबिगर दुसरं राहतंय व्हय? नातू होऊ दे आधी. मंग जाईना खुशाल."

अनसूयाचा हात नकळत छातीवर गेला. आता रंगनाथ काहीतरी बोलेल. तो खाकरला. "आई म्हणती ते..." तो म्हणाला, आणि पुन्हा चूळ भरायला अंगणात गेला. अडकित्ता चालू राहिला.

अप्पाराव पुन्हा दारात आला. तिच्याकडे न बघता पेल्याकडे बघत म्हणाला, "वर्ष-दोन वर्षांचाच तर प्रश्न हाय, वहिनी. पहिल्यांदा कडू लागतं. मंग सवय होती." मग जाता जाता, "तुमची जीभ मात्र लय भारी हाय."

तो गेला. अनसूयानं पेला उचलला आणि उरलेलं एका दमात पिऊन टाकलं. आता ना मोसंबी लागली, ना लाकूड. तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

शालू कोपऱ्यातून बघत होती. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. ती उठली, आठवड्यात पहिल्यांदा आईच्या मांडीत येऊन बसली. मुठीतलं झाकण तिनं आईच्या तळहातावर ठेवलं. आईच्या ओठांना बोट लावून ते चाटून पाहिलं.

"कडू," ती म्हणाली.

"हो, बाय."

शालूनं फ्रॉकचं टोक धरून आईचं तोंड पुसलं, नीट, दोन्ही कोपऱ्यांत. बाहेर ऐकू जाऊ नये अशा बारीक आवाजात तिनं विचारलं,

"आई, तुझं काय सोडवायलेत?"