तारांगणाची जागा

माजी नगरसेविका मंदाताई ढवळे सुनेसोबत नव्या तारांगणाच्या रांगेत उभ्या होत्या. एके काळी इथे दुकानांचे गाळे व्हावेत म्हणून सगळा वॉर्ड अडून बसला होता. मंदाताईंनी मात्र आधी रुंद रस्ता करून घेतला, उरलेली जागा तारांगणासाठी राखली आणि पुढची निवडणूक हरल्या.

पुढ्यात पाठमोरे उभे असलेले भास्करराव तेव्हाचे त्यांचे कट्टर विरोधक. ते गावाहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते, "असं तारांगण अख्ख्या जिल्ह्यात नाही. आमच्या वॉर्डानं जागा राखली, म्हणून झालं."

सुनेला राहवेना. "आई, सांगू का त्यांना, कोणी राखली ते?"

"सांगतायत की ते," मंदाताई समाधानानं म्हणाल्या, "आपल्या वॉर्डानं."

रांग सरकली, तशा त्या ताठ मानेनं पुढे झाल्या.